खोललेल्या इंजिनाचा जिम्मा

ताई, तुझं इंजिन उघडंच राहिलं होतं.

लातूरहून तुझा भाऊ आला आणि मुदखेडची तुझी खोली रिकामी करून गेला. भांडी, गादी, पुस्तकं, खिडकीतलं तुळशीचं डबडं, सगळं टेम्पोत गेलं. शाळेमागच्या शेडमध्ये मात्र कुणी आलं नाही. तिथं लांब टेबलावर तू खोललेले भाग तसेच होते. हेड, सिलिंडर, पिस्टन, पिस्टनची पिन, नखाएवढ्या दोन क्लिपा. प्रत्येक भाग कागदावर आपापल्या घरात बसलेला. धूळ बसू नये म्हणून तू जाताना वरून तुझी निळी ओढणी टाकली होतीस. रविवारी मुलं यायची, ओढणीचं टोक उचलून बघायची आणि पुन्हा झाकून ठेवायची. आजारी माणसाचं पांघरूण सारखं करावं, तसं.

ज्यांनी ती शेड पाहिली नाही त्यांना हे कळायचं नाही, म्हणून थोडं सांगते. तुला ठाऊक असलेलंच तुला सांगतेय, ऐकून घे.

तुझ्या शेडमध्ये यंत्राचा कोणताही भाग सुटा झाला की तो आधी कागदावर ठेवायचा, पेन्सिलीनं त्याच्या कडेकडेनं रेघ ओढायची आणि तो कुठून निघाला ते बाजूला लिहायचं. ते त्याचं घर. भाग धुवायला उचलला की घर रिकामं दिसतं, त्यामुळं काही हरवत नाही. हा पहिला नियम. दुसरा याहून कडक. ज्यानं खोललं, बसवायचा जिम्मा त्याचा. गोविंदनं सोडलेला नट नाझियानं आवळायचा नाही. गोविंदला गोवर आला तेव्हा सगळी शेड त्याच्या एका चाकासाठी थांबली होती, आठवतं? हेडसर चिडले होते. तू म्हणालीस, "सर, चाक थांबलंय, पोरगं थांबलं न्हाई. त्याला माहीत हाय, आपली वाट बघायलेत." सवलत एकच होती. दोघांनी मिळून खोललं तर जिम्माही दोघांचा, मग एक नसला तरी दुसऱ्यानं बसवलेलं चालायचं. अशा दोघांना तू जोडीदार म्हणायचीस.

आठवी ते दहावीची ही पोरं. कुणी शेतातून यायचं, कुणी बाजारातून, कुणी रेल्वेच्या क्वार्टरमधून. तू त्यांना आधी सायकल खोलायला लावलीस, मग भंगारातल्या स्कूटरचं इंजिन, आणि मग त्या इंजिनावर चालणारी चार चाकांची गाडी बांधायला घेतलीस. सायकलच्या नळ्यांचा सांगाडा, रिक्षाचं हँडल, बसायला वर्गातल्या मोडक्या बाकाची फळी. पोरांनी तिचं नाव ठेवलं ‘मुदखेड मेल’. तू म्हणालीस, "अरे, अजून एक पाऊल सरकली न्हाई आन् मेल म्हणायलाव?" गोविंद म्हणाला, "मॅडम, आपल्या जंक्शनात मेल बी उभ्याच असतात की."

माझी तुझी ओळखही त्याच शेडजवळ झाली. महिला दिनाला मला नांदेडहून भाषणाला बोलावलं होतं. मी तावातावानं बोलले. स्त्रीच्या हाताला काम नाकारणारी व्यवस्था वगैरे. मागच्या रांगेत काळ्या हातांच्या चार मुली सारख्या खुसुखुसू हसत होत्या. भाषण संपल्यावर तू आलीस, ओढणीला हात पुसत.

"बोलणं लई भारी झालं. आता ह्या पोरींना सायकलची चेन चढवून दाखव."

"मला नाही येत."

"मग शीक."

"तू एक पत्रक लिहून दाखव."

"मला न्हाई येत."

"मग शीक."

तू मोठ्यानं हसलीस. त्या दिवसापासून मी तुझी ‘पत्रक’ झाले. शेडच्या दारात दिसले की आतून आवाज यायचा, "आली का गं पत्रक? आज कुणाचा निषेध हाय?"

तू मला चिडवायचीस, पण नाव खोटं नव्हतं. नांदेडच्या जुन्या वस्तीत अण्णांचा छापखाना होता, तिथंच मी वाढले. मोर्चा कुणाचाही असो, कागद आमच्याकडं छापला जायचा. वाया गेलेल्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. पुढच्या बाजूला ‘चलो’ आणि पाठीवर माझा ‘क’. अण्णांनी मला एकच गोष्ट शिकवली. लिहिलेला शब्द वाटायचाच असतो, गठ्ठ्यात ठेवलेलं पत्रक म्हणजे रद्दी. अण्णा गेले, छापखाना विकला, मोर्चातली माणसं ज्याच्या त्याच्या घरी गेली. मी एका खोलीत राहते, लोकांचे मजकूर तपासून देते आणि ती गोष्ट घट्ट धरून बसले आहे.

तुझी शाळा वेगळी होती. लातूरची. तू सांगायचीस, "अकरावी-बारावीची दोन वर्षं मी गोल काळे केले गं. अ, ब, क, ड. पिस्टन म्हणजे काय, ते मला चार पर्यायांत कळलं." मार्क भरपूर पडले. चौकात तुझ्या फोटोचा फ्लेक्स लागला. कॉलेज झालं, पुण्याकडच्या कारखान्यात नोकरी लागली. तिथं पहिल्याच आठवड्यात एक इंजिन बंद पडलं, तू पुढं गेलीस, तर साहेब म्हणाला, "मॅडम, तुम्ही जरा बाजूला उभ्या राहा." पुढं ती नोकरी सोडून तू मुदखेडला शिकवायला आलीस, पण त्याला बोल लावत नव्हतीस. तू म्हणायचीस, "पत्रक, लाज त्याची न्हाई वाटली. लाज ह्याची वाटली, की बाजूला उभं न राहता मी काय करणार होते, तेच मला माहीत नव्हतं."

ते ऐकून माझा संताप होतो, आजही. आपल्याकडं चौकाचौकात भावी इंजिनिअरांचे फ्लेक्स लागतात. वाऱ्यानं फाटतात, पावसात रंग उतरतो, नवे लागतात. त्यातल्या किती चेहऱ्यांनी कधी पाना हातात धरलेला असतो? आईबाप शेत सोडून लेकरामागं शहरात खोली करून राहतात, आई डबे करते, बाप गावाकडून येऊन-जाऊन असतो, आणि लेकरू मान खाली घालून गोल काळे करतं. मेहनत खरी, त्याग खरा, शिक्षण तेवढं खोटं. हे असं बोलले की तू म्हणायचीस, "हाव, हाव, खरं हाय. आता तो डबा इकडं सरकव."

आणि मी डबा सरकवायची. पण पान्याला हात नाही लावला कधी. तू कितीदा म्हणालीस. "तुझ्या बोटाला शाई चालती, तेल का चालत न्हाई? ये, जोडीदार हो माझी." मी म्हणायची, "ज्याचं त्याचं काम. मी लिहीन." ते मी गुर्मीत म्हणत नव्हते. मला वाटायचं, सगळेच आत वाकले तर दारात उभं कोण राहणार? अजूनही वाटतं.

दार राखायची वेळ आली तेव्हा तू मला अडवलंस. हे आपलं भांडण मिटलेलं नाही, ताई. तू गेलीस म्हणून मी ते मिटलं असं लिहिणार नाही.

संस्थेनं ठरवलं की आठवीपासूनच प्रवेश परीक्षेचे वर्ग सुरू करायचे. त्यासाठी अभ्यासिका पाहिजे, आणि अभ्यासिकेला शेड पाहिजे. मी त्याच आठवड्यात पत्रक लिहिलं, ‘पोरांचे हात परत द्या’. छापून गठ्ठा बांधला आणि पॅसेंजरनं मुदखेडला आणला. तू उभ्यानंच वाचलंस. दोनदा.

"लई चांगलं लिहिलंयस. वाटू नको."

"म्हणजे?"

"म्हणजे वाटू नको. संस्थेनं इज्जतीचा सवाल केला, की शेड उद्याच जाईल. गाडी पळू दे मैदानावर. आईबापाला डोळ्यानं बघू दे. मग कुणाची छाती न्हाई बंद करायची."

"ताई, चांगलं चालतंय म्हणून जगात काहीही चालू राहत नाही. ते चालू ठेवावं लागतं. त्यासाठी बोलावं लागतं."

"इंजिन बोलंल की."

"इंजिन फक्त आवाज करतं!"

पोरं पाने खाली ठेवून आपल्या दोघींकडं बघत होती. शेवटी तू म्हणालीस, "शेड माझी हाय, पोरं माझी हायेत. मला सांगितल्याबिगर वाटणार न्हाईस, असा शब्द दे." मी दिला, दात-ओठ खात. गठ्ठा तू फळीवर ठेवलास. पुढच्या वेळी आले तर पाच-सहा पत्रकं टेबलावर पालथी अंथरलेली, कोऱ्या पाठीवर गिअरची घरं काढलेली. मी ओरडले. तू शांतपणे म्हणालीस, "कोरी पाठ वाया कशाला घालायची? बघ, तुझी पत्रकं कामाला लागली." मला राग धरायचा होता, पण हसूच फुटलं. बारा महिने मोर्च्यांत काढलेल्या अण्णांनाही हे सुचलं नसतं.

आपल्या भांडणांना एक शिस्त होती. शेडमागून रूळ जातो. मालगाडी आली की काही ऐकू यायचं नाही. आपण दोघी बोलता बोलता थांबायचो. डबे संपेपर्यंत तू हातातलं काम करायचीस, आणि गाडी गेली की ज्या शब्दावर अडलीस त्याच शब्दापासून पुन्हा सुरू करायचीस. अर्धं वाक्य तोंडात धरून तू इतका वेळ कशी बसायचीस, कोण जाणे. पोरं म्हणायची, मॅडमचं बोलणं पण न्यूट्रलमधे टाकता येतं.

तो शनिवार. पोरांची चाचणी चालू होती, शेडमध्ये तू एकटीच होतीस. मेलचं इंजिन फार धूर सोडत होतं, पिस्टनच्या नव्या रिंगा येऊन पडल्या होत्या, आणि तुला धीर धरवत नव्हता. मी उंबऱ्यावर बसले. तू हेड काढलंस, सिलिंडर वर ओढला, पिस्टनवरचा काळा थर बोटानं खरवडून मला दाखवलास, जणू मला त्यातलं कळतं.

"पोरांची वाट तर बघायची," मी म्हणाले.

"वरचं वर खोलून बघायले गं. सिलिंडरचा बोअर आतून घासलाय का तेवढंच. खालचं पोरांनी खोलावं. हे सोमवारी मीच बसवते."

तू माझ्या पत्रकावर पिस्टनचं घर काढत होतीस, जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून, लहान मुलीसारखी. मला तो कागद बघून पुन्हा चेव आला. मी म्हणाले, "ताई, खरं सांग. तू संस्थेला घाबरतेस का?"

तू मान वर केलीस. "भीत न्हाई गं. मी..."

आणि मालगाडी आली. लांब होती. तू पिन पुसलीस, क्लिपांची घरं काढलीस. गाडी गेली. मी वाट बघितली. तू म्हणालीस, "चहा घेतेस का?"

त्याच शब्दापासून तू पहिल्यांदाच सुरू केलं नाहीस. मीही विचारलं नाही. वाटलं, सोमवार आहे, मंगळवार आहे. भांडायला सगळं आयुष्य पडलंय.

ताप आल्याचं कळलं तेव्हा मला काही वाटलं नाही. साध्या तापाला कोण घाबरतं? तुला नांदेडच्या दवाखान्यात आणलं तोवर तू बोलण्यापलीकडं गेली होतीस. तुझा हात चादरीवर होता. कुणीतरी तुझी बोटं स्वच्छ पुसली होती. तरी अंगठ्याच्या नखाच्या कडेला काळी रेघ तेवढी राहिली होती. मी ती बघत बसले. दुसरीकडं बघायची हिंमत नव्हती.

तेव्हापासून माझं काय झालंय सांगू? सकाळी पेपरात काही चीड आणणारं वाचते आणि हात फोनकडं जातो. तुला सांगायला नाही, तुझ्याशी भांडायला. माझ्या बाजूची माणसं मला पुष्कळ आहेत. मी बोलते, ती मान डोलावतात. सभेत बोलते, टाळ्या वाजतात. ‘न्हाई गं पत्रक, असं न्हाई’ म्हणणारं कुणी उरलं नाही. स्वतःचंच बोलणं भिंतीवर आपटून परत येतं आणि ते मला पूर्वीपेक्षा खोटं वाटतं. खोलीत शिजवते एकटीच्या मापानं, आणि जेवताना मनातल्या मनात तुझी बाजू मांडते. तीही मलाच मांडावी लागते. नीट जमत नाही. तू असतीस तर याहून चांगलं बोलली असतीस.

तेरावं झालं त्या आठवड्यात हेडसरांनी मला बोलावलं. ते वाईट माणूस नाहीत. तुला शेड त्यांनीच दिली होती. व्हरांड्यात अभ्यासिकेचे नवे बाक एकावर एक रचलेले होते.

"बाई, मला बी लई वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण मी किती दिवस लांबवू? स्नेहसंमेलनापर्यंत शेड ठेवतो. त्या दिवशी ती गाडी मैदानावर पळाली, तर मी स्वतः संस्थेपुढं उभा राहतो. आता सुट्टे भाग दाखवून मी काय बोलू, तुम्हीच सांगा. भंगारवाला तर रोज विचारायलाय."

म्हणजे सगळं त्या टेबलावर येऊन थांबलं होतं. इंजिन जोडलं तर शेड वाचण्याची आशा, नाही तर तू बांधलेलं सगळं किलोवर जाणार.

रविवारी मी पोरांना गोळा केलं आणि सांगितलं. कुणी हललं नाही.

गोविंद म्हणाला, "मॅडमनं खोललंय ते."

"मॅडम गेल्या, बाळा."

"माहीत हाय की. पण जिम्मा त्यांचा हाय."

मग मी भाषण केलं. ताई, चांगलं झालं गं. मॅडमचं स्वप्न, तुमचे हात, त्यांचा वारसा. तुझी नाझिया, रेल्वे क्वार्टरमधली, दहावीतली, टेबलाला रेलून हनुवटीला हात लावून ऐकत होती. संपल्यावर तिनं शांतपणे विचारलं, "म्हणजे दीदी, मॅडमचा नियम बदलायचा म्हणता का तुम्ही?"

"या वेळेपुरता."

"पण तुम्हीच लिहिलंय ना, मोठ्यांच्या सोयीसाठी पोरांचे नियम बदलू नका म्हणून?"

मी चमकले. "तू कुठं वाचलंस?"

"आम्ही सगळ्यांनी वाचलंय. घर काढायला कागद उलटा करायलाच लागतो की. इकडून तुमचं, तिकडून आमचं."

गोविंद म्हणाला, "मला तर पाठ हाय."

मी उंबऱ्यावर जाऊन बसले. तुझ्यावर इतकी चिडले होते, ताई. वाटू नको म्हणालीस, आणि वाटायचं ते वाटूनही झालं होतं. माझंच पत्रक माझ्यासमोर उभं राहिलं होतं, तुझ्या नियमाच्या बाजूनं. आणि तू तिथं नव्हतीस, या गोष्टीवर हसायला. मालगाडी आली, गेली. मी उगाच कान देऊन बसले, कुणी त्याच शब्दापासून सुरू करतं का म्हणून.

पुढच्या रविवारी गेले ती आशा सोडूनच. दारातून बघते तर पोरांनी मेलचा सांगाडा उलटा केलेला, इंजिनाचा खालचा भाग काढून टेबलावर तुझ्या भागांशेजारी ठेवलेला. पत्रकांचा गठ्ठा सोडलेला. प्रत्येकासमोर एकेक कोरी पाठ.

"काय करायलाव रे?"

"खोलायलाव," गोविंद म्हणाला.

"अरे, जोडायचं सोडून?"

नाझियानं मला समजावून सांगितलं, तू गिअर समजावायचीस तसं, घाई न करता. "दीदी, मॅडमनं वरचंच खोललं होतं. तुम्हीच सांगितलं ना, त्या म्हणाल्या होत्या खालचं पोरांनी खोलावं म्हणून? म्हणजे खोलायचं काम अजून संपलंच न्हाई. अर्धं त्यांनी खोललं, अर्धं आम्ही खोलू. मग मिळून खोललं ना? मग आम्ही त्यांचे जोडीदार झालो. एक जोडीदार नसला तर दुसऱ्यानं बसवलेलं चालतं."

नियमाला कुठं धक्का नव्हता. तुला हे सांगायला तू हवी होतीस.

"पण सगळ्यांनी एकेक तरी खोलायला पाहिजे," ती पुढं म्हणाली. "खालचं खोलायच्या आधी ऑइल काढावं लागतं. हा खालचा बोल्ट. तुम्ही काढा."

"मी?"

"मॅडम तुम्हाला जोडीदार हो म्हणायच्या न्हाई का? आम्ही ऐकायचो की."

तिनं पाना माझ्या हातात दिला. मी तो उलटा धरला होता, तिनं फिरवून दिला. बोल्ट हलेना. गोविंद म्हणाला, "दीदी, घोषणा दिल्यावानी द्या एक झटका." सगळी हसली, मीही. आणि तो सुटला. काळं ऑइल धारेनं डब्यात पडलं, थोडं माझ्या बोटांवरून मनगटापर्यंत आलं. कोमट नसतं गं ते, गार असतं. इतकी वर्षं बघून मला हेसुद्धा माहीत नव्हतं. मी बोल्ट पुसला, माझ्याच पत्रकाच्या पाठीवर ठेवला आणि त्याच्या कडेनं रेघ ओढली. बाजूला लिहिलं, ‘खालचा, ऑइलचा’. पेन्सिल दाबून धरताना लक्षात आलं की माझी जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली आहे.

त्यानंतर मी एकही रविवार चुकवला नाही. पोरांनी क्लच खोलला, मॅग्नेट ओढून काढला, सगळं डिझेलमध्ये धुतलं. मग जोडणी सुरू झाली आणि कागदावरची घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली. तू खोललेला पिस्टन सगळ्यांत शेवटी उरला. नाझियानं त्यावर नव्या रिंगा चढवल्या. पिस्टन उचलून तिनं सिलिंडरमध्ये सरकवला, आणि कागदावर तुझी गोल रेघ तेवढी राहिली. गोविंद नाक ओढत म्हणाला, "डिझेल लई झोंबायलंय आज."

तू आणि अण्णा गेल्यापासून रिकामं घर म्हटलं की मला एकच अर्थ माहीत होता. तुझ्या शेडमध्ये दुसरा कळला. घर रिकामं झालं म्हणजे भाग जागेवर पोचला.

मेल पळाली, ताई. स्नेहसंमेलनात, सगळ्या गावासमोर. पहिल्या किकांना दाद देईना, मग एकदम फटफटली. नाझिया हँडलवर होती, दुपट्टा कमरेला बांधलेला. तिचे अब्बा रेल्वेच्या गणवेशातच आले होते, लेक समोरून गेली तसा त्यांनी आपोआप हात वर केला, हिरवा झेंडा दाखवतात तसा. गाडीनं मैदानाला फेरी मारली. हेडसर खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि बसायचं विसरले.

पण मी तुला खोटं सांगणार नाही. हेडसर संस्थेशी बोलले, शब्दाला जागले. संस्था म्हणाली, बघू. बाक अजून व्हरांड्यातच आहेत. ते उचलून शेडमध्येही नेलेले नाहीत आणि परतही पाठवलेले नाहीत. तू म्हणाली होतीस, इंजिन बोलेल. बोललं. मी म्हणाले होते, तेवढ्यानं भागणार नाही. भागलं नाही. माझं मत बदललेलं नाही. मी नवं पत्रक लिहितेय, पहिल्यापेक्षा लहान. या वेळी पोरांना विचारून वाटणार आहे, कारण जोडीदारांना विचारायचं असतं. ‘भीत न्हाई गं, मी...’च्या पुढं तू काय म्हणणार होतीस, ते मी रोज नव्यानं जुळवते. एकही भाग नीट बसत नाही. ते वाक्य तू खोललं होतंस. त्याचा जिम्मा मी घेत नाही, तसंच राहू देते.

आज हे लिहायला बसले तेव्हा खोलीत नेहमीसारखीच शांतता होती. समोर पिस्टनच्या घराचा तो कागद आहे, पोरांनी मला दिलेला. एका बाजूला माझे शब्द, दुसऱ्या बाजूला तुझी रेघ. तेवढ्यात फोन वाजला. नाझिया होती.

"दीदी, मेलखाली ऑइल गळायलंय. थेंब थेंब. डबा ठेवलाय."

"कुठून गळतंय?"

"तुमच्या बोल्टातून. ढिला राहिलाय. गोविंद म्हणायलाय, दीदीचा सगळा जोर भाषणात, पान्यात न्हाईच."

"मग त्यालाच सांग ना आवळायला. तिथंच आहे तो."

मी फारच चुकीचं काही बोलले असावे, तसा तिचा आवाज बदलला.

"तो कसा आवळील?" नाझिया म्हणाली. "खोलला कुणी?"

मी रविवारच्या पॅसेंजरनं जातेय, ताई.